ग्रहण लागण्याआधीच

पाठीच्या हाडांना आपण मणके म्हणतो. मणी, मणका. एका दोऱ्यात ओवलेले. हा शब्द ज्या कुणाला पहिल्यांदा सुचला, त्याचं (किंवा तिचं) मला नेहमी कौतुक वाटतं. मान खाली घालून मागून बोट फिरवलंत तर सगळ्यात ठळक जो उंचवटा हाताला लागतो, तो बहुधा मानेचा सातवा मणका. त्याच्या खाली छातीचे बारा, कमरेचे पाच, मग एकमेकांना जुळून गेलेले पाच आणि शेवटी माकडहाडाचे बहुधा चार बारकेसे. झाले तेहतीस.

मेडिकल कॉलेजात तीस वर्षं ॲनाटॉमी शिकवली. दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना मी एकच गोष्ट घोकून सांगत आले की, बाबांनो, माणूस वरून अखंड दिसतो, पण तो घडलाय तुकड्यातुकड्यांनी. गांडुळाचे वेढे दिसतात, गोमीचे दिसतात, आपले कातडीखाली झाकलेत इतकंच.

झाकलेत, पण अधूनमधून डोकं वर काढतात. कमरेत इंजेक्शन देऊन ज्यांचं सिझेरियन झालंय, त्यांना आठवत असेल. भूलतज्ज्ञ पोटावर, मग बरगड्यांवर काहीतरी गार टेकवत विचारतात, ‘‘इथे गार लागतंय का? आणि इथे?’’ ते त्या वेळी खंड मोजत असतात. बेंबीची पातळी म्हणजे छातीचा दहावा मज्जातंतू, स्तनाग्रांची पातळी म्हणजे चौथा. भूल तिथवर चढली याची खात्री झाली की मगच सुरी हातात घेतली जाते.

आणि आपली नागीण! तिचं तोंड नि शेपूट जुळलं की माणूस दगावतो, ही भीती अजूनही घराघरांत आहे. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू एखाद्या मज्जातंतूच्या मुळाशी वर्षानुवर्षं झोपून राहतो. तो जागा झाला की त्या एकाच मज्जातंतूच्या पट्ट्यात फोड उठतात. पट्टा पाठीच्या कण्यापासून निघतो आणि पुढे छातीच्या मध्यावर येऊन थांबतो, कारण त्यापलीकडे दुसऱ्या बाजूच्या तंतूची हद्द सुरू होते. म्हणून ‘नागीण’ सहसा वेढा पूर्ण करत नाही. जुळण्याचा आणि मरणाचा काही संबंध नाही. मात्र मंत्र घालून घेण्यात दिवस घालवू नका. पहिल्या तीन दिवसांत सुरू केलेलं औषध सगळ्यात जास्त उपयोगी पडतं.

हे सगळे पट्टे, मणके, बरगड्या शरीरावर आखले जातात कधी? आजच्या लेखाचं कारण खरं तर हा ‘कधी’ आहे. त्यामुळे थोडा हिशेब करू या.

डॉक्टर गर्भारपणाचे आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. प्रत्यक्ष गर्भधारणा होते ती त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. म्हणजे पाळी चुकते तेव्हा गर्भ जेमतेम दोन आठवड्यांचा असतो. त्यानंतर सहा-सात दिवसांनी, गर्भाच्या विसाव्या दिवसाच्या आसपास, शरीराचा पहिला खंड पडतो. गर्भ तेव्हा असतो केवढा? मोहरीच्या मोठ्या दाण्याएवढा. चपटा, लांबोडका. मधोमध एक पन्हाळीसारखी घडी, तिचा पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होणार. त्या पन्हाळीच्या दोन्ही अंगांना पेशींची एकेक सलग पट्टी. या पट्ट्यांच्या डोक्याकडच्या टोकापासून एक डावा, एक उजवा असे बारकेसे गोळे सुटे होऊ लागतात. एक जोडी, थोड्या वेळानं तिच्या मागे दुसरी, मग तिसरी. आमच्या भाषेत यांना सोमाइट म्हणतात, आपण मणीच म्हणू. अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत तिसेक जोड्या झालेल्या असतात. पाचवा आठवडा संपेपर्यंत बेचाळीस ते चव्वेचाळीस. गर्भ तेव्हा कुठे तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा झालेला असतो आणि पाळी चुकून तीन आठवडे झालेले असतात. संपलं काम!

पहिल्या चार जोड्या कवटीच्या बुडाशी मिसळून जातात. अगदी शेवटच्या काही जोड्या विरून जातात, ती आपली शेपटी. (हो, प्रत्येकीला थोडे दिवस होती!) उरलेल्या प्रत्येक मण्याचा आतला भाग मज्जारज्जूभोवती जाऊन मणका आणि बरगडी होतो, बाकीच्या भागातून स्नायू आणि पाठीची त्वचा तयार होते. मज्जारज्जू स्वतः सलग असतो, पण त्यातून निघणाऱ्या तंतूंना या मण्यांमधूनच वाट काढावी लागते. त्यामुळे तेही जोडीजोडीनं निघतात. नागिणीचा पट्टा आला तो असा.

बी.एस्सी.ला झूलॉजी असलेल्या मैत्रिणींना कोंबडीच्या ३३ तासांच्या भ्रूणाची स्लाइड आठवेल. मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना विटा रचाव्यात तसे चौकोनी तुकडे. ते मोजायचे आणि त्यावरून वय सांगायचं. प्रॅक्टिकलला तेवढे मार्क हमखास मिळायचे.

पण त्या पेशींना कळतं कसं, कुठे तोडायचं ते? सगळे तुकडे सारख्या मापाचे, डावा-उजवा एकाच वेळी, आणि कापणारं तर कुणी नाही. १९७६ साली ब्रिटनमध्ये जोनाथन कुक हे जीवशास्त्रज्ञ आणि ख्रिस्तोफर झीमन हे गणितज्ञ यांनी मिळून एक तर्क मांडला. तो मला उडदाच्या पापडांवरून चटकन समजला. पिठाची लांब गुंडाळी करून आपण दोऱ्यानं लाट्या कापतो. एकीनं गुंडाळी एकाच वेगानं पुढे सरकवायची आणि दुसरीनं ठरावीक ठेक्यावर दोरा ओढायचा. लाट्या न मोजता सारख्या पडतात. ठेका आणि सरकण्याचा वेग, या दोनच गोष्टींवर लाटीचं माप ठरतं. कुक आणि झीमन म्हणाले, पेशींच्या आत एक घड्याळ टिकटिक करत असणार, आणि पट्टीवरून ‘आता तयार व्हा’ असा हुकूम डोक्याकडून शेपटीकडे संथपणे सरकत असणार. हुकूम पोचलेल्या पेशींचं घड्याळ ठेक्यावर आलं की पडला तुकडा.

वीस वर्षं हा नुसता तर्कच होता. घड्याळ कुणी पाहिलं नव्हतं. ते पाहिलं पोर्तुगालच्या इझाबेल पाल्मेरिम या तरुण संशोधिकेनं. फ्रान्समध्ये ऑलिव्हिए पुर्किए यांच्या प्रयोगशाळेत ती कोंबडीच्या भ्रूणावर काम करत होती. तिनं भ्रूण मधोमध उभा कापला. एक अर्धा तिथल्या तिथे ‘थांबवला’, दुसरा अर्धा थोडा वेळ वाढू दिला आणि मग दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. एक जनुक डावीकडे चालू दिसत होतं तिथे उजवीकडे बंद, आणखी थोडा वेळ दिला तर पुन्हा चालू. बरोबर नव्वद मिनिटांचं एक आवर्तन, आणि कोंबडीत मण्यांची एक जोडी पडायलाही नव्वदच मिनिटं लागतात! हे साल १९९७.

घड्याळाची यंत्रणाही अगदी घरगुती वाटावी अशी आहे. कुकरची शिट्टी कशी होते? वाफ साठते, शिट्टी उचलते, वाफ जाते, शिट्टी बसते, पुन्हा वाफ साठते. इथे एक जनुक चालू होतं आणि एक प्रथिन बनवतं. ते प्रथिन साठलं की त्याच जनुकाला बंद करतं. मग प्रथिन झिजून संपतं, जनुक मोकळं होतं, पुन्हा चालू. झेब्राफिश या छोट्याशा माशात ही शिट्टी अर्ध्या तासानं होते, उंदरात दोन तासांनी. माणसाचं घड्याळ बघणं अवघड, कारण ज्या दिवसांत ते चालतं त्या दिवसांत आपल्याला दिवस गेलेत हेच बाईला धड माहीत नसतं. अखेर २०२० मध्ये अमेरिकेत पुर्किए यांच्या आणि जपानमधल्या क्योतोच्या शास्त्रज्ञांनी मूलपेशींपासून काचेच्या बशीत तशा पेशी वाढवून माणसाचा ठेका मोजला. तो निघाला सुमारे पाच तासांचा. सापात हा ठेका वाढीच्या मानानं फार जलद असतो, म्हणून त्याच्या लाट्या बारीक आणि तीनशेच्या वर! जिराफाच्या मानेत मात्र आपल्याइतकेच सात मणके, फक्त लांबलचक.

आता एक नाजूक भाग. हे मणी जसेच्या तसे मणके होत नाहीत. प्रत्येक मण्याचे वरचा आणि खालचा असे दोन अर्धे भाग होतात, आणि एका मण्याचा खालचा अर्धा शेजारच्या मण्याच्या वरच्या अर्ध्याला जाऊन चिकटतो. त्यातून एक मणका. त्यामुळे स्नायू एका मणक्यावरून दुसऱ्यावर जातात आणि आपल्याला वाकता येतं. ही अदलाबदल झाली नसती तर आपण खांबासारखे ताठ राहिलो असतो. पण इतक्या घाईच्या कामात कधीतरी चूक होते. एका बाजूचा अर्धा भाग तयारच होत नाही, किंवा दोन मणके वेगळे व्हायचे ते जुळूनच राहतात. मग पूर्ण मणक्याच्या जागी पाचरीसारखा अर्धा मणका बसतो आणि कणा तिथे कलतो. हजारात एखाद्या बाळाच्या कण्यात असा जन्मजात दोष असतो.

माझ्या मावसबहिणीच्या नातीत तो निघाला. २०२४ च्या पावसाळ्यात, मुलगी सव्वा वर्षाची असताना, खोकला हटेना म्हणून छातीचा एक्स-रे काढला आणि त्यात छातीचा नववा मणका अर्धाच दिसला. मुलगी हसतीखेळती, धावणारी. डॉक्टरांनी शांतपणे समजावून सांगितलं होतं. पण घरी आल्यावर ‘अर्धा मणका’ या शब्दानं घात केला. नवऱ्याच्या आत्या म्हणाल्या, ‘‘अर्धा म्हणजे कापलेलाच की! ग्रहणात सुरी धरली होती ना हिनं?’’

२५ ऑक्टोबर २०२२. लक्ष्मीपूजन आणि पाडव्याच्या मधल्या दिवशी संध्याकाळी सूर्यग्रहण होतं, आठवतंय? सुनेला तेव्हा पाचवा महिना. दिवाळीचं घर, पाहुणे आलेले, तिनं कोशिंबिरीसाठी दोन काकड्या चिरल्या. बस. दीड वर्षांनी त्या काकड्या तिच्या कपाळी आल्या. मी गेले तेव्हा ती मुलीला मांडीवर घेऊन बसली होती आणि कुणाकडे वर बघत नव्हती. एम.कॉम. झालेली, बँकेत नोकरी करणारी मुलगी. मला म्हणाली, ‘‘ताईमावशी, माझा विश्वास नाही यावर. पण मग झालं कशामुळे? मी काहीतरी केलंच असणार ना?’’

मी तिच्याकडून शेवटच्या पाळीची तारीख घेतली आणि कॅलेंडरच्या मागे सगळ्यांसमोर हिशेब मांडला. पाळी १५ जूनची. म्हणजे गर्भधारणा २९ जूनच्या आसपास. पहिला मणी १९ जुलैच्या सुमाराला. कवटीचे चार, मानेचे आठ, छातीचे नऊ, म्हणजे हवा होता तो एकविसावा मणी. तो पडायची वेळ सव्विसाव्या दिवसाच्या आगेमागे, २५ जुलै. ग्रहण लागलं ऑक्टोबरात. त्याच्या तीन महिने आधीच त्या मणक्याचं जे काही व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आत्या काही कच्च्या नव्हत्या. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, ‘‘मग नागपंचमीला चिरलं असेल!’’

सगळे हसले, पण मला हसू आलं नाही. कारण मुद्दा तारखेचा नव्हताच. तारीख कुठलीही काढली तरी सुरी सुनेच्याच हातात असणार, हे ठरलेलं. नागपंचमी २ ऑगस्टला होती, म्हणजे तीही उशिरा, हे मी सांगितलं. पण नुसत्या तारखा खोडून काढल्या की बाई सुटत नाही. तिला खरं कारण सांगावं लागतं.

ते खरं कारण जितकं ठाऊक आहे तितकं असं. घड्याळाच्या यंत्रात अनेक जनुकं असतात आणि प्रत्येकाच्या दोन प्रती, एक आईकडून, एक वडिलांकडून. २००० साली अशा एका जनुकाचा शोध लागला, ज्याच्या दोन्ही प्रती बिघडल्या तर जवळजवळ सगळा कणाच वेडावाकडा होतो. हा प्रकार दुर्मीळ आहे, पण जवळच्या नात्यात लग्न झालं असेल तर त्याची शक्यता वाढते. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची आपल्याकडची रीत इथे लक्षात घ्यायला हवी. २०१५ मध्ये चीनमधल्या शास्त्रज्ञांनी आणखी एक गोष्ट दाखवली. जन्मजात कलत्या कण्याच्या त्यांच्या रुग्णांपैकी सुमारे दहात एकामध्ये एका जनुकाची एक प्रत निकामी आणि दुसरी थोडी कमजोर अशी जोडी जुळलेली होती. दोन्ही प्रती एकाच पालकाकडून येत नाहीत, हे आत्यांना सांगताना मला थोडं समाधान वाटलं, लपवत नाही. ऑस्ट्रेलियात सॅली डनवूडी यांच्या गटानं २०१२ साली उंदरांवर दाखवलं की जनुकाची एक प्रत आधीच सदोष असेल आणि नेमक्या त्या दिवसांत काही तास ऑक्सिजन कमी पडला, तर मणके बिघडण्याचं प्रमाण वाढतं. आणि आईला आधीपासून मधुमेह असेल आणि तो ताब्यात नसेल तर बाळाच्या कण्यातल्या दोषांचा धोका वाढतो, हे माणसांतही माहीत आहे. म्हणून शुगर आणायची ती दिवस राहण्याआधी ताब्यात. नंतर आणली तर हे काम तोवर उरकलेलं असतं. यांपैकी काही सापडलं नाही तर? बहुतेक घरांत सापडत नाहीच. निसर्गाच्या कामातली चूक म्हणतात ती हीच.

सुनेला मी दुसरंही सांगितलं, आणि ते अशा प्रत्येक घराला उपयोगी आहे. त्याच दिवसांत शेजारीच मूत्रपिंडं आणि हृदय आकार घेत असतात. त्यामुळे मणक्यात दोष निघाला की मूत्रपिंडांची सोनोग्राफी आणि हृदयाची इको करून घ्यायची. तिच्या मुलीचं दोन्ही नॉर्मल आलं. आता दर सहा महिन्यांनी कण्याचा कोन मोजतात. तो वाढायला लागला तर शस्त्रक्रिया, नाहीतर नुसतं लक्ष. (दहा-बारा वर्षांच्या मुलींचा कणा वाकतो तो प्रकार बहुधा वेगळा. त्यात मणके पूर्ण असतात. आणि तो दप्तराच्या ओझ्यानं होत नाही.)

मधल्या त्या पन्हाळीचं राहिलंच. मणी पडत असतात त्याच दिवसांत ती दोन्ही कडा जुळून बंद होते, अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत. म्हणजे पाळी दोन आठवडे लांबलेली असते तेव्हा. ती नीट मिटली नाही तर मज्जारज्जू उघडा राहिलेलं बाळ जन्माला येतं. अर्ध्या मणक्यावर गोळी नाही, पण यावर आहे. त्या गोळीची गोष्ट आपल्या मुंबईतून सुरू होते. १९२८ मध्ये लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर इथे आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गर्भार बायका रक्तक्षयानं मरत होत्या, त्याचं कारण शोधायला. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये तिनं काम केलं आणि १९३१ साली जाहीर केलं की यीस्टच्या अर्कानं या बायका बऱ्या होतात. त्या अर्कात काय आहे, हे तेव्हा माहीत नव्हतं. १९४१ मध्ये तोच घटक पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला आणि लॅटिनमधल्या ‘पान’ या शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड म्हणू लागले. पुढे १९९१ साली ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत दिसलं की आधी असं बाळ झालेल्या बायकांनी दिवस राहण्याआधीपासून ही गोळी घेतली, तर पुन्हा तसं होण्याचं प्रमाण पावपटीच्या जवळ येतं.

आधीपासून. आपल्याकडे गोळी सुरू होते ती टेस्टच्या पट्टीवर दोन रेघा दिसल्यावर, डॉक्टरांची वेळ मिळाल्यावर, तिसरा महिना लागला की कुणाला सांगायचं ते ठरल्यावर. तोवर पन्हाळ मिटलेली किंवा उघडी राहिलेली असते. किमान एक महिना आधी, रोज ४०० मायक्रोग्रॅम. आधीच्या बाळाला दोष असेल, मधुमेह असेल, फिटची औषधं चालू असतील तर डोस वेगळा, तो डॉक्टरांनाच विचारायचा. गोळी अगदी स्वस्त आहे.

गेल्या हिवाळ्यात एका भाचीचं लग्न झालं. आहेराचं पाकीट देताना मी तिला आणि शेजारी उभ्या नवरदेवालाही हे सांगितलं. ती लाजून म्हणाली, ‘‘मावशी, इतक्यात नाही गं!’’ म्हटलं, ‘‘म्हणूनच इतक्यात सांगतेय.’’